वरच्या मशीनचं ओझं

भुजंगराव जेवायला बसले की नव्या माणसाला वाटायचं, हे नैवेद्य दाखवायलेत. डबा चार कप्प्यांचा, पण चारही कप्पे टेबलावर ओळीनं मांडलेले. एकावर एक कधीच नाही. पारूबाई, म्हणजे त्यांची बायको, सकाळी डबा नीट रचून द्यायची. हे गल्लीच्या कोपऱ्यावर थांबून तो उतरवायचे आणि कप्पे पिशवीत आडवे घालून आणायचे. आमटी सांडायची, पिशवी पिवळी व्हायची, पण भाजीच्या डोक्यावर भाकरी बसू द्यायची नाही म्हणजे नाही.

मी सरोजिनी. लातूरच्या गगनभेद क्लासेसमध्ये चौकशीच्या खिडकीत बसते. तोंड माझं फटकळ आहे. निम्मे पालक खिडकीपाशी येतात, माझ्याकडं बघतात आणि न विचारताच परत जातात, त्यामुळं काम कमी पडतं. माझ्या शेजारी, दाराला अगदी लागून, रस्त्याकडं तोंड करून भुजंगरावांची खुर्ची. क्लास सुरू झाला तेव्हा इमारत एकमजलीच होती. मग मुरुडपासून मुखेडपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन पडली आणि मजले चढले. सगळा स्टाफ वर गेला, खिडकीपायी मी आणि जिन्यापायी भुजंगराव तेवढे खाली राहिलो. पहिली पायरीसुद्धा ते कधी चढले नाहीत. पगाराच्या दिवशी पगारच जिना उतरून त्यांच्याकडं यायचा.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी हसायचं नाही. म्हणजे हसायचे, पण तोंड फिरवून. भुजंगराव किल्लारीकडच्या खेड्यातले. त्र्याण्णव साली गणपतीचं विसर्जन करून आले आणि दोस्तांसंगं शाळेच्या पटांगणातच आडवे झाले. पहाटे भूकंप झाला. घरात आई होती. तिकडची जुनी घरं माळवदाची, लाकडांवर मातीचं सपाट छप्पर. पावसात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वरून आणखी मातीचा थर द्यायचा, असा आजा-पणजापासून थरावर थर.

"बाई, घर नव्हतं पडलं," ते एकदा मला म्हणाले. "घरावरची माती पडली. घर बिचारं काय करंल?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर तेव्हापासून वर काही ठेवायचं नाही हा त्यांचा कायदा. कपाटावरचे करंडक खाली उतरले. फाइली भिंतीच्या कडेनं जमिनीवर, पापड वाळत घातल्यागत. छताचा पंखा काढून टेबलफॅन आला. तिसऱ्या मजल्यावरच्या सरांच्या केबिनमधून आमच्या कम्प्युटरला येणारी वायर छताला टांगलेली होती, तीही यांनी सोडवली, गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि उंदरांनी तिचा फडशा पाडला. वसंतराव सर, म्हणजे आमचे मालक, चिडायचे आणि गप्प बसायचे. कारण निकाल फक्त भुजंगरावांनाच लावता येत होता.

आमच्याकडं दर पंधरवड्याला परीक्षा. तिच्या मार्कांवरून पोरगं कुठल्या बॅचला बसणार ते ठरतं. पहिल्या बॅचमधून दुसरीत घसरलेल्या पोराच्या घरी दोन दिवस चूल पेटत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. ही वाटणी करणारा प्रोग्राम फार जुना. नव्या कम्प्युटरवर तो चालेचना. तेव्हा सरांनी नांदेडहून रविकांत नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. पोरगा हुशार, हसरा, आणि बोलायला लागला की थांबत नाही. त्यानं नव्या कम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनंच एक जुना कम्प्युटर उभा केला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पडद्यावर नुसती एक चौकट दिसते, पण आत अख्खा जुना कम्प्युटर, त्याला त्याची स्वतःची डिस्कसुद्धा. ती डिस्क म्हणजे खरं तर आपल्याच डिस्कवरची एक भली मोठी फाइल.

हे भुजंगरावांना समजावताना रविकांतनं घोटाळा केला. म्हणाला, "काका, सोपं आहे. खालच्या मजल्यावर नवं विंडोज राहतं. त्याच्या डोक्यावर मी एक जुनं बिऱ्हाड चढवलंय."

मी मनात म्हटलं, मेल्या, दुसरं उदाहरण नाही का सुचलं?

"वरचं वजनदार हाय का?" भुजंगरावांनी हळूच विचारलं.

"लई! अर्धी डिस्क तेच खाऊन राहिलं," असं म्हणून रविकांत हसत नांदेडच्या गाडीत बसला.

भुजंगरावांचा चेहरा उतरला तो उतरलाच. रोज सकाळी ते आधी टेबलावर हात ठेवायचे, टेबल हलत नाही याची खात्री करायचे, मगच वरचं मशीन सुरू करायचे. निकाल लागला की लगेच बंद. "खालचं दमतंय हो," म्हणायचे. त्यात सरांना व्हिडिओचा नाद लागला. 'उंच उडा' नावाची भाषणं. सर केबिनमध्ये कॅमेऱ्यापुढं उभे राहून बोलायचे आणि सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हनं एकेक करून आमच्या कम्प्युटरवर आणून ओतायचे, कारण केबिनमधला नवा सर्व्हर खराब व्हायला नको! डिस्क भरत गेली. जागा दाखवणारी निळी पट्टी एक दिवस लाल झाली.

ते लाल बघून भुजंगरावांनी दोनदा टेबल हलवून बघितलं. त्या शनिवारी त्यांनी वरचं मशीन अदबीनं बंद केलं, डिस्कवर उजवं बटण दाबलं, आणि तिथं डिस्क कॉम्प्रेस करून जागा वाचवा अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली. एवढं इंग्रजी त्यांना येतं. चौकटीत टिक केली. कम्प्युटर दिवसभर घरघरत राहिला. संध्याकाळी पट्टी निळी झाली, तेव्हा या गृहस्थानं ऑफिसात फुटाणे वाटले.

"काय विशेष?" मी विचारलं.

"वरचं ओझं उतरवलं," म्हणाले. इतके खूश मी त्यांना त्यांच्या पोरीला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हाच बघितलं होतं.

सरही खूश. मोकळी जागा बघितली आणि रविवारभर बसून त्यांनी 'उंच उडा'चे नवे भाग त्यात कोंबले.

सोमवारी सकाळी परीक्षेचे मार्क आले, बाहेर पालक जमले, भुजंगरावांनी टेबलाला हात लावला आणि वरचं मशीन सुरू करायला गेले. ते सुरूच होईना. पडद्यावर इंग्रजीत मोठा मजकूर आणि त्याच्या सुरुवातीलाच शब्द, 'फेल्ड'.

आता तुम्हाला आमच्या इमारतीची रीत सांगायला पाहिजे. गगनभेदमध्ये 'फेल' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. नापास पोराला आम्ही 'पुढच्या वेळचा पास' म्हणतो. ब्रेक फेल झाला तरी ड्रायव्हरनं 'ब्रेक थकला' म्हणायचं. आणि इथं तो शब्द खुद्द ऑफिसच्या पडद्यावर, चार बोटं उंच! सर जिन्यावरून धावत आले, खिशातला रुमाल काढून पडद्यावर टाकला आणि खिडकीतल्या पालकांकडं बघून हसले.

"पुढं काय लिहिलंय ते तर वाचा," मी म्हटलं.

"नको ताई," सर म्हणाले. "सुरुवातच अशी आहे, पुढं वाचायची हिंमत नाही."

मग मास्तर लोक आले. फिजिक्सवाले म्हणाले, व्होल्टेजचा प्रश्न आहे, बटण बंद करून चालू करा. केलं. केमिस्ट्रीवाल्यांनी जोडण्या काढून स्पिरिटनं पुसल्या. ऑफिसात दवाखान्याचा वास सुटला, बाकी काही नाही. बायोवाले सगळ्यात हुशार. त्यांनी बाहेरच्या पेटीवर कान ठेवला आणि म्हणाले, "आतलं मशीन जिवंत आहे, पण धक्का बसलाय." रुमाल मात्र एकानंही उचलला नाही. यांच्याच हातून आपल्या जिल्ह्याचे डॉक्टर तयार होतात. मी कपाळावर हात मारून घेतला.

सरांनी रविकांतला फोन लावला. तो म्हणाला, पडद्यावर काय आहे तेवढं वाचून दाखवा, फोनवरच सांगतो. पण समोर पालक, तो शब्द मोठ्यानं उच्चारणार कोण? "तू येच," सर कुजबुजले. "आणि मागच्या दारानं ये. क्लासच्या धंद्यात आपली चढाओढ नांदेडशीच, तिथला माणूस आणला असं इथं कळलं तर नाक कापलं जाईल."

फोन ठेवला आणि सर भुजंगरावांकडं वळले. घाम आलेला, आवाज चढलेला. "हे बघा भुजंगराव, पाचला निकाल लावतो म्हणून मी पालकांना शब्द दिलाय. लागला तर ठीक. नाही लागला तर उद्यापासून हे जुनं खटारं बंद. ऑनलाइनवाल्या कंपनीला काम देतो आणि ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. तुमचं टेबलही वर. वर बसायचं नसेल तर घरी बसा."

भुजंगराव खुर्चीच्या दोन्ही दांड्या धरून रस्त्याकडं बघत राहिले. मला असा राग आला म्हणता! तो माणूस वर जाणार नाही हे सरांना माहीत, मला माहीत, रस्त्यावरच्या चहावाल्याला माहीत. म्हणजे घरी बसा एवढाच त्याचा अर्थ. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे आणि या वयात त्यांना दुसरीकडं कोण दाराजवळची खुर्ची देणार आहे?

दुपारी रविकांत मागच्या दारानं आला. आल्या आल्या रुमाल उचलला, पडदा वाचला आणि म्हणाला, "इथंच तर लिहिलंय की! या मशीनच्या डिस्कची फाइल कॉम्प्रेस केलेली चालत नाही, मोकळी करा, तरच सुरू होईल. कुणी केली कॉम्प्रेस?"

तिन्ही मास्तरांनी आपापले हात मागं घेतले.

"म्या केली," भुजंगराव उभे राहिले. "वजन कमी केलं. तूच म्हणला होतास ना बाबा, वरचं लई वजनदार हाय म्हणून?"

रविकांतनं जीभ चावली. मी त्याला सोडणार होते होय? "मजला काय, बिऱ्हाड काय, डोक्यावर काय! ज्याची आई छताखाली गेली त्याला हे सांगतोस? अक्कल कुठं गहाण टाकली होतीस?" पोरगा बिचारा कानापर्यंत लाल झाला. मग हळू आवाजात त्यानं पुढचं सांगितलं. घडी घातलेल्या गादीवर कुणाला झोपता येत नाही, तसं या मशीनला त्याची डिस्क पूर्ण अंथरलेली लागते. टिक काढली की फाइल पुन्हा फुगून पहिल्यासारखी होईल. पण फुगायला जागा पाहिजे आणि जागा तर सरांच्या भाषणांनी व्यापलेली.

"थोडे व्हिडिओ काढून टाकायचे का सर?"

"एकही नाही!" सर किंचाळले. "त्यात माझा घसा गेलाय."

मग उरला एकच मार्ग. व्हिडिओ दुसरीकडं हलवायचे. एवढी मोकळी जागा केबिनमधल्या नव्या सर्व्हरवरच होती, पेनड्राइव्हनं एकेक न्यायला आठवडा लागला असता, आणि मधली वायर उंदरांच्या पोटात. "पेटी लहान आहे, वर नेऊ," रविकांत म्हणाला आणि कम्प्युटरला हात घातला. भुजंगरावांनी पेटीला मिठी मारली.

"वर न्हाई न्यायची."

"अहो तुम्ही नका येऊ वर, पेटी तर जाऊ द्या!" सर म्हणाले.

"पेटीत आधीच एक वरचं मशीन हाय. ते तिसऱ्यावर नेलं की चौथा मजला झाला. खाली दुसऱ्यावर लेकरं बसल्यात, सर. त्यांच्या डोक्यावर म्या न्हाई ठिवू देणार."

मी घड्याळाकडं बघितलं, भुजंगरावांच्या हातांकडं बघितलं. मिठी काही सैल होईना. म्हटलं, बस झालं आता, पेटी वर जात नाही तर सर्व्हर खाली येईल. खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "निकाल तिसऱ्या मजल्यावरच्या मशीनमध्ये अडकलाय! खाली आणायला माणसं पाहिजेत!"

पालक उसळले. निकाल म्हटल्यावर जिनासुद्धा उचलून आणला असता त्यांनी. बघता बघता केबिनमधला सर्व्हर खांद्यांवरून खाली आला. मागून त्याच्या बॅटऱ्या. ठेवायला टेबल पाहिजे म्हणून सरांचं काचेचं टेबल. टेबल आलंच आहे तर खुर्ची. एक इस्लापूरचे पालक सरांची फ्रेम केलेली तसबीर घेऊन आले, म्हणाले, "हे पण लागंल की." रस्त्यावरनं बघणाऱ्यांना वाटलं, गगनभेद बुडालं. समोरच्या क्लासची माणसं पत्रकं वाटायला आली, मी त्यांना असं झापलं की पत्रकं टाकून पळाली.

इकडं रविकांतनं दोन्ही यंत्रं जोडली आणि व्हिडिओ हलवायला लावले. पडद्यावर उरलेला वेळ दिसायचा. कधी चार मिनिटं म्हणायचं, कधी दोन दिवस. पालक मागं गर्दी करून बघायचे, कमी झालं की टाळ्या, वाढलं की हळहळ. शेवटचा व्हिडिओ गेला आणि रविकांत टिक काढणार, तोच भुजंगरावांनी त्याचं मनगट धरलं.

"परत वजन चढवायलास?"

या वेळी मात्र रविकांत हसला नाही. खुर्ची ओढून त्यांच्यापुढं बसला. "काका, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. वर-खाली तिथं काहीच नाही. मोठी फाइल असो, लहान असो, डिस्कवर सगळं शेजारी शेजारी असतं. तुमच्या डब्यागत. ओळीनं."

"एकावर एक न्हाई?"

"न्हाई काका. माझी चूक झाली."

भुजंगरावांनी मनगट सोडलं. टिक निघाली. कम्प्युटर पुन्हा घरघरायला लागला, निळी पट्टी भरत गेली, भुजंगराव तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनीच मशीन सुरू केलं. पडदा काळा, काळा, काळा... आणि हिरवी टेकडी, निळं आभाळ! जुनं विंडोज उगवलं. माझा जीव भांड्यात पडला. पाचला पाच-सात मिनिटं असतील, निकाल भिंतीवर लागला. पालक तुटून पडले. कुणी पेढे आणायला पळालं, कुणी पोराला बदडायला.

गर्दी पांगली. रविकांत मागच्या दारानं गाडी गाठायला गेला. भुजंगराव त्यांच्या खुर्चीत, दाराशी. खुर्ची वाचली होती, पण त्यांना ते अजून खरं वाटत नव्हतं बहुतेक. काचेच्या टेबलामागं, चौकशीच्या खोलीत अगदी मध्ये, वसंतराव सर बसलेले होते.

"शिपायांना सांगू का सर, सामान वर न्यायला?" मी विचारलं.

"राहू द्या ताई."

"राहू द्या कसं? येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट नाही."

सर टेबलाच्या काचेकडं बघत होते. "भूकंपाच्या वेळी मी इथंच कॉलेजला होतो. दुसऱ्या मजल्यावर खोली होती भाड्यानं. जिना उतरेपर्यंत..." ते थांबले. मग म्हणाले, "केबिनमध्ये मी दार उघडं ठेवून बसतो. पायात बूट घालून. शिकवताना काही वाटत नाही, पण खुर्चीत टेकलो की कान जिन्याकडं. इतक्या वर्षांत आज दुपारी पहिल्यांदा, हे व्हिडिओ हलत होते ना, तेव्हा बसल्या जागी माझा डोळा लागला."

मला हसावं की रडावं कळेना. आणि मग राग आला. सकाळी याच माणसानं भुजंगरावांना वर बसा नाहीतर घरी बसा म्हणून सुनावलं होतं. "मग हे मजल्यांवर मजले बांधले कशाला हो तुम्ही?"

"एकमजली क्लासात लेकरू कोण घालतं ताई?" सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

भुजंगराव उठले. वाटलं, आता तरी बोलतील, एक वर्ष पुरेल एवढं बोलतील. त्यांनी आपली खुर्ची उचलली, आत भिंतीशी नेऊन ठेवली आणि दाराजवळची जागा हातानं झटकली.

"सर," ते म्हणाले, "तुमी दाराकडं बसा."